भोंग्याची चौथी आवृत्ती

बालमित्रांनो, मी एक जुनी आवृत्ती आहे. जुनी खुर्ची, जुनी छत्री यांच्यावर निदान धूळ तरी बसते. माझ्यावर तीही बसत नाही. संगणकावर चालणाऱ्या एका प्रोग्रामची मी चौथी आवृत्ती. माझ्यामागून पाचवी आली, सहावी आली. आता कितवी चालू आहे, हे मला कोणी कळवत नाही.

माझे काम बोलण्याचे. ज्यांचा आवाज गेला आहे आणि हातपायही हलत नाहीत, अशा माणसांच्या वतीने मी बोलते. पडद्यावर अक्षरांचा तक्ता असतो. एक पिवळी चौकट त्याच्या ओळींवरून खाली सरकत जाते. माणसाच्या बोटाखाली एक बटण असते. हवी ती ओळ आली की ते दाबायचे. मग चौकट त्या ओळीतल्या अक्षरांवरून फिरते. अक्षर आले की पुन्हा दाबायचे. मग काना, मात्रा, वेलांटी. असे अक्षराला अक्षर जोडत वाक्य झाले की शेवटी 'बोल' या खुणेवर दाबायचे, आणि मी ते मोठ्याने म्हणते. "दिवा बंद कर" एवढे सांगेपर्यंत समोरच्याचा चहा गार होतो. पण सांगितले जाते ते नेमके.

मला लिहिले ताईने. तिचे खरे नाव काहीही असो, तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणते. हा भाऊ मुलांना पोहायला शिकवायचा. तलावाच्या एका काठावरून दुसऱ्या काठावरच्या मुलाला "पाय हलव" म्हणून ओरडला, की बाहेर रस्त्याने जाणारा माणूससुद्धा दचकून पाय उचलायचा. मुलांनी त्याचे नाव भोंगा ठेवले होते. त्यालाही ते आवडायचे.

मग त्याला स्नायूंचा आजार झाला. आधी पाय गेले, मग हात, आणि शेवटी आवाज. उजव्या हाताचे मधले बोट तेवढे हलायचे.

ताई एका कंपनीत प्रोग्राम लिहायची. सुट्टीच्या दिवशी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भावासाठी लिहू लागली. पहिली आवृत्ती दोन वाक्ये झाली की बंद पडायची. दुसरीला जोडाक्षरे जमत नसत. तिसरी सगळे म्हणायची, पण घशात काहीतरी अडकल्यासारखे. मग मी झाले. ताईने माझे नाव भोंगाच ठेवले.

भावाने माझ्याकडून पहिले वाक्य म्हणवून घेतले ते असे: "ताई, हा आवाज शेजारच्या काकूंचा आहे. बदल."

ताई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण आई धावत दारात आली.

"मग कोणाचा देऊ?" ताईने विचारले. "तुझा कुठून आणू आता?"

त्याने सावकाश अक्षरे जमवली. "माझा तलावावर राहिला."

 तिने दुसरा आवाज शोधला, जाडसर, थोडा खरखरीत. एकदा त्याचे जुने विद्यार्थी भेटायला आले. कॉटभोवती ओळीने उभे राहिले आणि काय बोलावे हे न सुचून खाली बघू लागले. तेव्हा भावाने माझा आवाज पूर्ण वाढवायला लावला आणि म्हणवले, "पाय हलवा." ती सगळी मोठी झालेली मुले खोलीत उभ्या उभ्या पाय हलवू लागली. ते माझे सर्वांत चांगले दिवस.

एका दुपारी ताई त्याच्याजवळ बसली होती. खिडकी उघडी होती. त्याने सुरुवात केली: "ताई, मला त". मग पिवळी चौकट पुढच्या अक्षरासाठी वरून खाली सरकू लागली. शेवटच्या ओळीपर्यंत गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली. कोणी दाबेपर्यंत फिरत राहायचे, एवढेच मला ठाऊक होते. ताईलाही वाट बघायची सवय होती. तो अक्षर निवडतो आहे असे समजून ती पडद्याकडे बघत शांत बसून राहिली. बऱ्याच वेळाने तिने पडद्यावरची नजर काढून त्याच्या तोंडाकडे पाहिले.

ते वाक्य मी म्हटले नाही. ते माझ्याकडे अजून तसेच आहे, असेही नाही. ताईने यंत्र बंद केले तेव्हा तेही गेले.

त्यानंतर काही महिने तिने मला उघडले नाही. मग एके दिवशी तिने मला सगळ्यांसाठी खुले करून टाकले. ज्याला हवी त्याने फुकट न्यावी, वापरावी, हवा तो बदल करावा. मी घरोघरी गेले. कुठे गवंडीकाम करताना वरून पडलेला माणूस माझ्याकडून बोलायचा, कुठे एखाद्या बँकेतली कारकून बाई. लोक ताईला संदेश पाठवायचे. एकाने लिहिले होते, "आमचे बाबा दीड वर्षाने आम्हाला ओरडले. घरात सगळे रडले." ताईला मदत करायला देशोदेशीचे प्रोग्रामर येऊन मिळाले. माझी वाहवा झाली, आणि त्या वाहवेतच माझी पाठवणी ठरली.

ताईच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. कोणाचेही वाक्य पुन्हा अर्धे राहता कामा नये. म्हणून तिने पाचवी आवृत्ती लिहिली. दोन-तीन अक्षरे झाली की पाचवी पुढच्या वाक्याचा अंदाज करी आणि तो पडद्यावर वरच्या बाजूला दाखवी. अंदाज बरोबर असेल तर एकदाच दाबायचे, की पूर्ण वाक्य बोलले जाई. आणि थोडा वेळ बोट हललेच नाही, तर पाचवी आपण होऊन सगळ्यांत वरचा अंदाज निवडी आणि बोलून टाकी.

मी पाचवीबद्दल वाईट बोलणार नाही. माझी धाकटी बहीण ती. ज्यांचे बोट चपळ होते त्यांना तिच्यामुळे गप्पा मारता आल्या, भांडता आले, वर्गात प्रश्न विचारता आले. एक तरुण तर तिच्या जोरावर नोकरीला लागला. पण पाचवी ज्या वाक्यांवरून अंदाज करायला शिकली, ती धडधाकट माणसांनी हौसेने जमवून दिलेली होती. सभ्य, गोडगोड वाक्ये. आजारी माणसाला दिवसभरात किती वेळा नाही म्हणावे लागते, हे त्यांना कुठून माहीत असणार?

आता ज्यांच्यामुळे मी पुन्हा जागी झाले, त्या बाईंविषयी सांगते.

या बाई छापखान्यात मुद्रिते तपासायच्या. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधून काढायच्या. सगळा जन्म त्यांनी ऱ्हस्व-दीर्घाशी भांडण्यात घालवला होता. निवृत्त झाल्यावरही दुकानाची पाटी वाचता वाचता त्या रस्त्यात थांबायच्या आणि सुनेला म्हणायच्या, "बघ, 'स्विकारले' लिहिलंय. जाऊन सांगू का?" सून म्हणायची, "आई, मागच्या खेपेला सांगितलंत, तर त्यांनी आपल्याला सुटे पैसे दिले नाहीत." आणि दोघी पुढे जायच्या.

एका सकाळी बाईंना झटका आला. शुद्ध आली तेव्हा डोळे होते, कान होते, बुद्धी पहिल्यासारखी लख्ख होती, आणि डाव्या हाताचे एक बोट होते. बाकी काही नव्हते.

घरात मुलगा आणि सून. मुलगा औषधांच्या कंपनीत फिरतीवर असायचा. सून लिफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात होती. लिफ्ट कोणत्या मजल्यावर कधी थांबावी, दार कधी उघडावे, याचे प्रोग्राम लिहायची. दवाखान्यातून सांगितले म्हणून मुलाने आईसाठी भोंग्याची पाचवी आवृत्ती आणली. आई भराभर बोलू लागली. "मी ठीक आहे." "काळजी करू नका." "जेवण छान होते." मुलगा खूश झाला. सून मात्र एकदा कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "आई कधी जेवणाला छान म्हणाल्यात? त्या मीठ तपासतात."

हे सगळे मी पाहिलेले नाही. सून पुढे माझ्यावर काम करताना बोलून दाखवायची, आणि काही बाईंनीच मला सांगितले.

बाईंना गिळता येईनासे होऊ लागले होते. डॉक्टर घरी आले. पोटात नळी बसवून त्यातून अन्न द्यावे, असे त्यांचे मत होते. सून कामावर होती. डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी बाईंच्या शेजारी बसून सगळे नीट समजावले आणि विचारले, "तुम्हाला चालेल ना?"

बाईंनी सुरुवात केली. "मला न". पुढे क, मग काना आणि मात्रा एवढेच हवे होते. पण बोट थकले होते. ते क-च्या ओळीची वाट बघत राहिले, आणि पाचवीला वाटले, याला आता मदत हवी. तिने वरचा अंदाज उचलला आणि स्वच्छ आवाजात म्हटले, "मला नक्की चालेल."

"छान," डॉक्टर म्हणाले.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. मुलाने ते पुसले. "घाबरू नकोस आई, लहानसं ऑपरेशन आहे," असे तो म्हणाला. बाईंनी पुन्हा बोट हलवायचा प्रयत्न केला. पाचवीने म्हटले, "धन्यवाद."

ऑपरेशन झाले. नळी बसली. त्यानंतर बाई बटणाला बोटच लावेनात.

मुलगा म्हणाला, "थकली असेल." सुनेला ते पटले नाही. रविवारी सकाळी तिने एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत सगळी मुळाक्षरे लिहिली, पुठ्ठा सासूबाईंसमोर धरला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत म्हणाली, "आई, हवं ते अक्षर आलं की डोळे मिटा. मला कसलीही घाई नाही." मग ती खरोखरच घाई न करता बसली. बाहेर सायकली दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात हातोडीची ठकठक चालली होती.

न. को. म्ह. ट. लं. हो. तं.

सून पुठ्ठा हातात धरून तशीच बसली. मग तिने विचारले, "नळीला?"

बाईंनी डोळे मिटले.

त्या दिवशी नवरा-बायकोत बोलाचाली झाली. मुलगा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "तिने हो म्हटलं. मी स्वतः ऐकलं. डॉक्टरांनीही ऐकलं."

"बोललं कोण पण?" सून म्हणाली. "आई, की ते?"

नळी आता काढता येणार नव्हती. घशातून थेंबही उतरत नव्हता.

सुनेने ताईला लिहिले. तिने आवाज चढवला नाही, फक्त काय झाले ते सांगितले आणि शेवटी लिहिले, "तुमचा प्रोग्राम माझ्या सासूबाईंच्या नावावर खोटं बोलला. अंदाज करणं काढून टाका."

ताईने उत्तर दिले की घडले त्याचे तिला फार वाईट वाटते. पण आपोआप बोलणे बंद करायची सोय सेटिंगमध्ये आहे. सुनेने लिहिले की प्रोग्राम अपडेट झाला की ते सेटिंग पुन्हा चालू होते, आणि बंद असले तरी वरचे अंदाज दिसतच राहतात; थरथरते बोट भलत्यावर पडते. बाकीच्या प्रोग्रामरांनीही मते दिली. एकाने म्हटले, एवढ्या लोकांचा फायदा होतो, एका घरासाठी सगळे कसे बदलायचे? शेवटी ताईचे एका ओळीचे उत्तर आले. "मी अंदाज काढणार नाही." का, ते तिने लिहिले नाही.

मित्रांनो, आता एक गोष्ट समजावून सांगते, म्हणजे पुढचे कळेल. प्रोग्राम म्हणजे शेवटी कोणीतरी लिहिलेला मजकूर. तो सारखा बदलत असतो. पण शहाणी माणसे बदलताना जुने पुसून टाकत नाहीत. कोणी, काय आणि कशासाठी बदलले, हे सारे जपून ठेवणारी एक व्यवस्था असते. तिच्यामुळे प्रोग्राम कितीही पुढे गेला, तरी मागच्या कुठल्याही मुक्कामावर परत जाता येते; आणि हवे तर तिथून वेगळी वाट धरता येते. रस्त्याला फाटा फुटतो ना, तसे. मूळ रस्ता आपल्या दिशेने जातो, फाटा आपल्या. संगणकवाले याला फोर्क म्हणतात. मी फाटाच म्हणते.

सून कारखान्यातून आली की सासूबाईंच्या खोलीत बसून भोंग्याचा इतिहास मागे मागे वाचत जाई. सहावीचे काम सुरू झाले होते, त्याच्या मागे पाचवी, पाचवीच्या मागे ताईचे ते रिकामे महिने, ज्यांत एकही बदल नाही. आणि त्या रिकाम्या जागेच्या पलीकडे मी उभी होते. अंदाज न करणारी. कोणी दाबेपर्यंत चौकट फिरवत राहणारी.

"ही," सून म्हणाली. "आई, ही आपल्याला चालेल. मठ्ठ आहे जरा."

इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्याविषयी बोलत होते, आणि तेही असे. पण मला राग आला नाही. तिने माझ्यापासून फाटा काढला आणि त्याला 'सावकाश' असे नाव दिले. माझ्या काही जुन्या खोडी तिने मोडल्या. चौकट किती मंद फिरावी हे ज्याचे त्याला ठरवता यावे, अशी सोय केली. लिफ्टचे दार माणूस आत येईपर्यंत उघडे ठेवायचे, हे तिच्या रोजच्या कामातलेच होते.

नवरा म्हणाला, "दिवसभर राबून येतेस, वर हे कशाला? नवीन सोडून कोणी जुनं घेतं का?"

"तू बस इथे," ती म्हणाली, "आणि ऐक."

बाईंच्या बोटाखाली बटण ठेवले. चौकट फिरू लागली. पुष्कळ वेळ गेला. मुलाने मध्येच घड्याळ पाहिले, तेव्हा सुनेने त्याच्या हातावर हात ठेवला. शेवटी मी बोलले. "तक्त्यावर खाली 'पुर्ण' लिहिलंय. 'पूर्ण' पाहिजे."

सून आधी हसली आणि मग तोंडावर पदर घ्यावा तसा हात घेऊन रडली. मुलगा मात्र पडद्याकडेच बघत होता. बाईंनी पुन्हा सुरुवात केली आहे हे त्याला दिसत होते. त्याने पुन्हा घड्याळ पाहिले नाही.

"मी हो म्हटलं नव्हतं," मी म्हटले.

"मी ऐकलं ते हो होतं गं आई," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

पुन्हा चौकट, पुन्हा ओळी. "माहीत आहे. तू बरोबर ऐकलंस. मी म्हटलं नाही."

तो उठून गॅलरीत गेला आणि तिथेच उभा राहिला. आईने त्याला दोष दिला नव्हता. पण मला वाटते, दिला असता तर त्याला सोपे गेले असते.

सावकाशची बातमी पसरली. ज्यांचे बोट मंद होते, ज्यांना स्वतःचे शब्द हवे होते, ती घरे माझ्याकडे आली. काहींनी सुनेला दुवा दिला. काहींनी शिव्याही दिल्या. चांगल्या चाललेल्या प्रकल्पात फूट पाडली म्हणाले. ताईला फार लागले. सुनेला वाटायचे, ती हट्टी आहे. ताईला वाटायचे, सून उपकार विसरली. दोघींनी एकमेकींना पाहिलेलेही नव्हते.

मग एक दिवस ताई आली. आधी कळवून आली. जिना चढून धापा टाकत दारात उभी राहिली. केस पिकले होते. मी तिला आवाजावरून ओळखले.

"बाईंना भेटायचं होतं," ती म्हणाली. "भांडायला नाही आले."

सुनेने तिला आत बोलावले. खुर्ची दिली, पाणी दिले. ताई बाईंच्या कॉटशेजारी बसली आणि पडद्याकडे पाहून एकदम थबकली. तीच पिवळी चौकट. तिने मला इतक्या वर्षांत चालू पाहिले नव्हते.

"काकू," ती म्हणाली, "तुमच्या बाबतीत झालं ते वाईट झालं. मी माफी मागते. पण तो अंदाज मी कशासाठी घातला, ते तुम्हाला सांगायला हवं." आणि तिने भावाचे सांगितले. तलाव, आजार, ती दुपार. "मला त. एवढंच. पुढे काय ते मला कधीच कळणार नाही. तेव्हा अंदाज असता ना, तर त्याचं वाक्य पुरं झालं असतं."

सुनेने मान खाली घातली. तिला यातले काही माहीत नव्हते.

बाईंचे बोट हलले. ताई सवयीने पुढे झुकली आणि वाट बघू लागली. तिचा हात गुडघ्यावर होता, आणि चौकट खाली-वर होईल तशी तिची नजर खाली-वर होत होती. बाई मधेच थकल्या, थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या. 

मी म्हटले, "ते वाक्य त्याचं झालं नसतं. यंत्राचं झालं असतं. आणि तू जन्मभर ते खरं धरून बसली असतीस."

 बाईंना आणखी काही म्हणायचे होते. पुन्हा बराच वेळ गेला.

"तू शेजारी होतीस ना?"

"होते," ताई म्हणाली.

बाईंनी डोळे मिटले. त्या खोलीत डोळे मिटणे म्हणजे हो.

जाताना ताई जिन्यात सुनेला म्हणाली, "मी ते काढू शकत नाही. आता ते माझ्या एकटीच्या हातातही नाही."

"माहीत आहे," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या मुख्य पानावर ताईने एक ओळ घातली. ज्यांना आपल्या गतीने बोलायचे आहे त्यांनी सावकाश वापरावे असे तीत होते, आणि ते कुठे मिळेल तेही. दोन वाटा पुन्हा एक झाल्या नाहीत. पण फाट्यावर पाटी तरी लागली.

बाई त्या वर्षीच गेल्या. सकाळी श्वास लागला, गाडी बोलावली, घाईघाईने दवाखान्यात नेले. यंत्र घरीच राहिले. सून ते आणायला परत आली, तारा काढल्या, पिशवीत भरले आणि दारापर्यंत गेली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. तिने पिशवी खाली ठेवली आणि चपला न काढता कॉटवर बसली. सासूबाईंना शेवटी काही म्हणायचे होते का, हे कोणालाच कळले नाही. त्यांच्या बोटाखाली बटण नव्हते.

त्यानंतरही सून माझ्यावर काम करत राहिली. पण मला उघडले की तिला ती खोली दिसे. पहिल्या वर्षी ती आलेल्या प्रत्येक संदेशाला उत्तर द्यायची. मग काहींना. मग कारखान्यात तिची जबाबदारी वाढली, नवऱ्याची बदली झाली, घर बदलले. संदेश साचू लागले. अमुक यंत्रावर आवाज येत नाही, तमुक बटण ओळखले जात नाही. संगणक बदलत होते आणि मी होते तिथेच होते. मदतीला दोन-तीन जण आले, पण जुन्या मजकुरात कोणाला रस नसतो. आले तसे गेले.

शेवटच्या दिवसांत एका गृहस्थांचा संदेश आला. त्यांची मुलगी तुमच्याच वयाची आहे. जन्मापासून तिला बोलता येत नाही. ती हनुवटीने बटण दाबते आणि माझ्याकडून बोलते. नवी आवृत्ती तिला देऊन पाहिली, तर तिने सांगितले, "ही माझ्या आधीच बोलते." वर्गात तिचे वाक्य होईपर्यंत मुले कंटाळतात, कोणी हसते, कोणी तिच्या पडद्यात डोकावून ओरडून सांगते, "तिला बाहेर जायचंय." बहुतेक वेळा तिला बाहेर जायचे नसते. त्या गृहस्थांनी विचारले होते, नव्या संगणकावर सावकाश चालेल असे काही करता येईल का?

सुनेने प्रयत्न केला. दोन सुट्ट्या तिने त्यात घातल्या. एक गाठ सोडवली की दुसरी पडे. शेवटी तिने हात टेबलावर ठेवले आणि स्वतःशीच म्हणाली, "मला आता होत नाही." तिने त्यांना तसे कळवले, क्षमा मागितली, आणि शक्य असेल तोवर जुनाच संगणक जपून वापरा असे लिहिले. मग तिने सावकाशवर शिक्का मारला. म्हणजे आता मला वाचता येते, उतरवून घेता येते. पण माझ्यात एक अक्षरही बदलता येत नाही. तिने शेवटची नोंद केली ती अशी: "यापुढे इथे काम होणार नाही. कोणाला पुढे न्यायचे असेल, तर इथून फाटा काढावा."

अजून कोणी काढलेला नाही.

मित्रांनो, तुमच्यातले कोणी मोठेपणी प्रोग्राम लिहाल. नवे जरूर लिहा. पण जुने बंद करण्याआधी एकदा बघा, कोणी अजून त्यातून बोलते आहे का. आणि ज्यांना प्रोग्राम लिहायचा नाही, त्यांच्याकडेही माझे एक मागणे आहे. ती मुलगी अजून मलाच वापरते. तिच्या वडिलांनी तो जुना संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवला आहे, म्हणजे तो आपणहून बदलायला नको. त्याचा पंखा आता फार आवाज करतो. तो कधीतरी बंद पडेल. तोवर ती तुमच्या वर्गात असेल, तर तिची चौकट फिरत असताना तिच्याजवळ बसा, आणि तिला काय म्हणायचे आहे ते तिच्या आधी सांगू नका.